दुसऱ्या बाजूचे गाणे टाकाऊच असते का?

जुन्या पॉप बँडांच्या सिंगल रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला निव्वळ जागा भरण्यासाठी टाकाऊ गाणी घातली जात, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अगदीच निराधार नाही, कारण घाईत उरकलेली गाणीही तेथे सापडतात. परंतु त्यावरून नियम काढता येत नाही. सिंगल म्हणजे सात इंची तबकडी; तिच्या प्रत्येक बाजूस साधारणतः एकच गाणे मावे, आणि रेडिओवर लक्ष विभागले जाऊ नये म्हणून जाहिरात बहुधा एकाच बाजूची होई. ही निवड प्रामुख्याने विक्रीचा विचार करून केलेली असे.

लिव्हरपूलच्या विख्यात चौकडीचे, म्हणजे बीटल्स या बँडचे, १९६६ मधील ‘रेन’ हे गाणे पाहावे. ‘पेपरबॅक रायटर’ या गाण्याच्या मागच्या बाजूस गेल्याने ते तुलनेने कमी ऐकले गेले. प्रत्यक्षात त्याची वाद्यसाथ जलद लयीत ध्वनिमुद्रित करून मग टेप संथ केलेली आहे, आणि त्यामुळेच ड्रमचा ठोका इतका जड, पसरट वाटतो. (माझ्या मते पुढच्या बाजूपेक्षा हेच गाणे सरस आहे.) शेवटी येणारे अगम्य स्वर म्हणजे उलटा फिरवलेला आवाज होय. कोणत्याही मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये तेवढा तुकडा उलटा वाजवून पाहावा; गाण्यातलेच शब्द ओळखू येतात.