राष्ट्रीय पक्ष्याच्या पोटातलं शिसं

अमेरिकेच्या राजमुद्रेवर बाल्ड ईगल 1782 साली आला. एका पंजात ऑलिव्हची फांदी आणि दुसऱ्यात तेरा बाण घेतलेला हा पांढऱ्या डोक्याचा गरुड पुढे नाण्यांवर, पासपोर्टवर, सैनिकांच्या गणवेशावर, सगळीकडे पोहोचला. तो राष्ट्रीय पक्षी असल्याचा रीतसर कायदा मात्र थेट डिसेंबर 2024 मध्ये झाला! मधली दोन शतकं सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं.

याच काळात त्याला मारण्यासाठी सरकारी तिजोरीतून बक्षिसंही वाटली गेली. हा पक्षी सामन मासे फस्त करतो अशी तक्रार होती, म्हणून अलास्कात 1917 ते 1953 दरम्यान लाखाहून अधिक गरुड मारले गेले. 1940 साली संरक्षणाचा कायदा आला, तेव्हाही अलास्का त्यातून वगळलं होतं. मुद्रेवरच्या जागेने पक्षी वाचत नाही. मॉरिशसच्या राजचिन्हावर आजही डोडो आहे, आणि तो सतराव्या शतकातच नामशेष झाला. आपल्या मोराला 1963 साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला, पण त्याच्यामागे कडक कायद्याचं बळ उभं राहिलं ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे.

मग पक्षी कशाने मरतो आणि कशाने वाचतो? हे बघायचं तर शिकारी पक्ष्यांच्या एखाद्या पुनर्वसन केंद्रात जावं. मिनेसोटा विद्यापीठात 1974 पासून असं एक केंद्र चालतं. तिथे वर्षाला साधारण हजार जखमी किंवा आजारी पक्षी येतात.

अशा केंद्रात गेलात तर उपचार घेणारे पक्षी बघायला मिळणार नाहीत, आणि हीच चांगल्या केंद्राची खूण आहे. रानटी पक्ष्याच्या लेखी माणूस म्हणजे शिकारी. नुसतं आपण समोर उभे राहिलो तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, खाणं सुटतं. म्हणून त्याला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवतात. त्याच्याजवळ कमीत कमी बोलतात आणि तपासताना डोळे झाकतात. पाहुण्यांना दिसतात ते कायमचे रहिवासी. कुणाचा पंख वाकडा जुळलेला असतो, कुणाचा डोळा गेलेला असतो, तर कुणी पिल्लू असताना माणसांच्या हाती वाढल्यामुळे माणसालाच आपला समजत असतो. त्यांच्यापासून काही फुटांवर उभं राहिलं की पहिल्यांदा बाल्ड ईगलचा खरा आकार कळतो. पंख पसरले तर दोन मीटरच्या आसपास, वजन मात्र तीन ते सहा किलो. मादी नराहून मोठी. आवाज म्हणाल तर अगदी बारीक, चिवचिवाटाच्या जवळ जाणारा. चित्रपटांत गरुडाच्या तोंडी जी लांब किंकाळी घालतात, ती बहुतेकदा लाल शेपटीच्या ससाण्याची असते.

खरं काम आतल्या खोल्यांत चालतं. पक्षी आला की आधी छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवतात. हाड धारदार लागलं तर पक्षी बरेच दिवस उपाशी आहे. मग डोळ्यांची तपासणी, रक्त आणि एक्स-रे. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती पिसं जोडण्याची कला. पंखाचं मोठं पीस मधेच तुटलं तर ते वाढत नाही; पुढची पीसगळ होईपर्यंत थांबावं लागतं, आणि गरुडाच्या बाबतीत ते फार लांबतं. म्हणून जपून ठेवलेल्या पिसांतून त्याच जागेचं, त्याच मापाचं पीस शोधतात. तुटलेल्या पिसाचा दांडा पोकळ असतो. त्यात बांबूची बारीक काडी बसवून नवं पीस गोंदाने चिकटवतात. ससाणे पाळणाऱ्यांची ही शेकडो वर्षं जुनी युक्ती आहे. यथावकाश ते पीस गळतं आणि तिथे त्याचं स्वतःचं उगवतं.

मोडलेली हाडं जुळतात, विजेच्या तारांचे चटके कधी कधी भरून येतात. शिशाची विषबाधा मात्र फार अवघड. असा गरुड आला की मान खाली, पंख लोंबलेले, पंजे आवळलेले, विष्ठा हिरवीगार आणि श्वास घरघरता. एक्स-रेमध्ये पोटात पांढरे शुभ्र ठिपके दिसतात. हे शिसं येतं बंदुकीच्या गोळीतून. हरणाला लागलेली शिशाची गोळी आत शेकडो कणांत फुटते. शिकारी मांस घेऊन जातो आणि आतडी जंगलात टाकतो, मग थंडीत भुकेला गरुड ती खातो. त्याच्या जठरातलं आम्ल हाडंही विरघळवतं, त्यामुळे शिसं झपाट्याने रक्तात उतरतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते मज्जातंतूंत, स्नायूंत आणि हाडांत जाऊन बसतं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा एका गरुडाचा जीव घ्यायला पुरेसा होतो. शिशाला बांधून बाहेर काढणारी इंजेक्शनं आहेत, पण मेंदूची आणि हृदयाची झालेली हानी ती भरून काढत नाहीत. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 38 राज्यांतल्या 1,210 गरुडांची तपासणी होती. बाल्ड ईगल आणि गोल्डन ईगल या दोन्ही जातींतल्या जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेलं शिसं सापडलं.

हा पक्षी एकदा मरणाच्या दारातून परत आलेला आहे, म्हणून हे अधिकच सलतं. 1963 साली अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत त्याची फक्त 417 घरटी उरली होती. तेव्हा कारण होतं डीडीटी हे कीटकनाशक. शेतातून पाण्यात, पाण्यातून माशात आणि माशातून गरुडात जाता जाता त्याचं प्रमाण वाढत गेलं. शरीरात त्यापासून बनणारा डीडीई हा पदार्थ अंड्याचं कवच घडवणाऱ्या ग्रंथीला कॅल्शियम पुरेसं मिळू देत नाही. मादी उबवायला बसली की पातळ कवच तिच्याच वजनाखाली फुटायचं. पक्षी दिसत होते, पिल्लं होत नव्हती. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली, घरट्यांना संरक्षण मिळालं आणि संख्या चढू लागली. 2007 मध्ये नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून निघालं. 2021 च्या सरकारी अहवालात या भागातल्या 71,400 जोड्यांचा अंदाज आहे.

ही वाढ कुठल्याही इस्पितळाने केली नाही, एका रसायनाच्या बंदीने केली. केंद्रातून वर्षाला काही डझन गरुड आकाशात परततात, आणि त्यातला प्रत्येक मोलाचा आहे. पण माझ्या मते या केंद्रांचं सर्वांत मोठं देणं आहे ते त्यांच्या नोंदी. कुठल्या महिन्यात, कुठल्या भागातून, रक्तात किती शिसं असलेला पक्षी आला, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं म्हणूनच शिकारीचा हंगाम आणि विषबाधा यांचं नातं जुळवता आलं.

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरायला अमेरिकेत 1991 पासून देशभर बंदी आहे. हरणांवर झाडायच्या गोळ्यांना ती लागू नाही. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये शिकारीसाठी शिशाच्या सगळ्याच गोळ्या बंद केल्या. ॲरिझोनाने वेगळी वाट धरली. कॅलिफोर्निया कॉन्डॉर गिधाडं वाचवण्यासाठी तिथे 2005 पासून शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या फुकट दिल्या जातात. वापरण्याची सक्ती नाही, तरी त्या भागातले बहुसंख्य शिकारी त्या घेतात किंवा आतडी जंगलाबाहेर नेतात. तांब्याची गोळी हरीण तितक्याच नेमकेपणाने पाडते आणि सहसा फुटून विखुरत नाही.