फिंचची जोडी घरी नेल्यावर

फिंच हातावर येऊन बसणारा पक्षी नाही. त्याला तुमच्यापेक्षा दुसऱ्या फिंचची सोबत जास्त हवी असते, म्हणून एकटा ठेवू नका. झेब्रा फिंचमध्ये नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो, त्यामुळे जोडी ओळखणं सोपं. बेंगलीज फिंचमध्ये नर-मादी दिसायला सारखेच. गातो तो नर.

पिंजरा

उंच, घुमटाचा पिंजरा दिसायला छान, फिंचच्या उपयोगाचा नाही. हा पक्षी आडवा उडतो, तेव्हा लांबी बघा: एका जोडीला किमान ७५ सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद आणि तेवढाच उंच. दोन गजांमधलं अंतर १ सें.मी.च्या आत हवं, नाहीतर डोकं अडकतं. दांड्या दोन्ही टोकांना लावा, मधली जागा उडायला मोकळी सोडा. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या गुळगुळीत असतील तर तळव्यांच्या त्याच जागेवर सतत दाब येऊन फोड येतात. जाड-बारीक फांद्या लावा.

पिंजरा स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा रिकामा राहून फार तापला, तर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. माणसाला त्याचा वासही येत नाही.

दाणा: भरलेली वाटी रिकामी असू शकते

फिंच उपाशी राहण्याचं सगळ्यात फसवं कारण हेच. तो दाणा सोलतो, गर खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण वर नुसती फोलपटं असतात. एवढासा जीव, अंगात साठा नाही. एक दिवस दाणा नाही मिळाला तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर मारा. जे उडेल ते फोलपट, जे राहील तो दाणा. मगच भर घाला. जोडीला दिवसाला साधारण दोन छोटे चमचे दाणा लागतो: राळा, वरी, कॅनरी सीड असं बारीक मिश्रण. वाटी दांडीच्या खाली ठेवू नका, विष्ठा पडते.

नुसत्या दाण्यात कॅल्शियम कमी असतं. समुद्रफेसाचा (कटलबोनचा) तुकडा कायम अडकवून ठेवा. आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं कुस्करून द्या आणि दोन-तीन तासांत उरलेलं काढून घ्या. पालेभाजी धुऊन, कोरडी करून द्या. अवोकॅडो, चॉकलेट आणि खारट पदार्थ अजिबात नकोत.

पिण्याचं पाणी रोज बदला. आंघोळीला वेगळी उथळ थाळी, त्यात जेमतेम २ सें.मी. पाणी, दुपारनंतर ठेवू नका, ओल्या पिसांनी रात्र काढावी लागते.

घरटं

पिल्लं नको असतील तर घरटं लावूच नका. ते दिसलं की मादी अंडी घालत सुटते: एका वेळी ४ ते ६, आणि मग पुन्हा. त्यात कॅल्शियम संपतं आणि पुढचं अंडं आत अडकतं. पिल्लं हवी असतील तर अंडी १२ ते १४ दिवसांत फुटतात. त्या काळात रोज आत डोकावू नका. घरट्यासाठी सुकं गवत द्या. शिवणाचा दोरा आणि कापूस नको, पायाला गुंडाळला तर रक्तपुरवठा थांबून बोट जातं.

आजार

फिंच आजार लपवतो. दिवसाढवळ्या पिसं फुगवून तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी वरखाली होणं, चोच उघडी ठेवून ‘टिक टिक’ आवाज येणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, पशुवैद्याला दाखवा. टिक टिक बहुधा श्वासमार्गातल्या कोळीसदृश परजीवींची असते. त्याचं औषध वजनानुसार ठरतं, घरच्या अंदाजाने देऊ नका. आजारी पक्षी वेगळ्या लहान पिंजऱ्यात ठेवा, दाणा-पाणी तळाशी हाताशी ठेवा आणि एका बाजूला दिवा लावून तिथलं तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवा; दुसरी बाजू गार राहू द्या, जास्त गरम झालं तर त्याला सरकता यावं. मादीचं अंडं अडकल्याची शंका आली तर पोट दाबू नका, आत फुटतं. तशीच उबेत पशुवैद्याकडे न्या.

नवा पक्षी आणला तर जुन्यांमध्ये सोडण्याआधी ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.