नाव एफ३ चं, गाडी जीपी३ ची: २०१९ च्या सीझनमागची गोष्ट

२०१९ चा फॉर्म्युला ३ (एफ३, म्हणजे एफ१ च्या दोन पायऱ्या खालची रेसिंग) सीझन आपल्याकडे कुणाला आठवत असेल तर तो जेहान दारूवालामुळे. मुंबईचा पोरगा, प्रेमा टीमची लाल-पांढरी गाडी, दोन रेस जिंकला आणि चॅम्पियनशिपमध्ये तिसरा आला, दुसऱ्या नंबरपासून फक्त एका पॉइंटने लांब. पण त्या सीझनच्या नावापुढे सगळीकडे ‘पहिला सीझन’ असं लिहिलेलं दिसतं आणि नवीन माणूस गोंधळतो, कारण फॉर्म्युला ३ तर १९५० पासून आहे, पुढे एफ१ चे चॅम्पियन झालेल्यांपैकी सेना एफ३ मधून आला, शूमाकर एफ३ मधून आला, हॅमिल्टन पण, मग २०१९ ला पहिला सीझन कसा काय? तर माझ्या मते त्याचं खरं उत्तर असं आहे की त्या वर्षी जुन्या एफ३ चं फक्त नाव उरलं आणि त्या नावाखाली जीपी३, म्हणजे एफ१ च्या वीकेंडला होणारी तरुण ड्रायव्हर्सची दुसरी सिरीज, पुढे चालू राहिली. एफआयएने, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेने, अर्थात याला युरोपियन एफ३ आणि जीपी३ या दोन सिरीजचं विलीनीकरण म्हटलं.

आधी जुन्या एफ३ बद्दल. युद्धानंतर इंग्लंडमध्ये पैसा नव्हता पण रेसिंगची खुमखुमी भरपूर होती, म्हणून लोकांनी छोट्या गाड्यांना मोटरसायकलची ५०० सीसी इंजिनं लावून पळवायला सुरुवात केली, जेएपी नाहीतर नॉर्टनचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांना चेन. १९५० मध्ये यालाच फॉर्म्युला ३ म्हणून मान्यता मिळाली. सर्बिटनचे कूपर बापलेक या गाड्या विकायचे, स्टर्लिंग मॉस यातून वर आला, आणि बर्नी एक्लस्टन नावाचा एक तरुणही तेव्हा हीच गाडी पळवायचा (पुढे त्याने गाडी चालवण्यापेक्षा अख्खा एफ१ चा खेळ चालवणं पसंत केलं ते वेगळं). मधे काही वर्षं फॉर्म्युला ज्युनियर आली, मग १९६४ पासून १ लिटर इंजिनवाली एफ३, त्याच वर्षी केन टायरेलच्या टीमच्या कूपरमध्ये बसून जॅकी स्टुअर्टने ब्रिटनमध्ये सगळ्यांना धुतलं. १९७१ ला १.६ लिटर, १९७४ पासून २ लिटर, आणि इंजिनाच्या तोंडाशी एअर रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवाच मोजून मिळणार.

हा रिस्ट्रिक्टर समजून घ्या कारण जुन्या एफ३ चा स्वभाव यात आहे. पॉवर कमी, ग्रिप त्यामानाने जास्त. त्यामुळे कोपऱ्यात एकदा स्पीड घालवला की सरळ रस्त्यावर तो परत मिळत नाही, इंजिनात जीवच नसतो ना तेवढा. म्हणून एफ३ चा ड्रायव्हर ब्रेक लवकर सोडून गाडी वाहती ठेवायला शिकायचा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे नियम मोकळे होते, चॅसी (गाडीचा सांगाडा) कुणाचीही घ्या, इंजिन टोयोटा, फोक्सवॅगन, मुगेन-होंडा, ओपेल, मर्सिडीज, जे परवडेल आणि जे मिळेल ते. टीमचे इंजिनियर डॅम्परपासून (शॉक ॲब्सॉर्बर) हवेचा प्रवाह वळवणाऱ्या छोट्या एअरो तुकड्यांपर्यंत स्वतः डोकं लढवायचे. आता हेही मान्य करायला हवं की १९९३ मध्ये इटलीच्या डलारा कंपनीची एफ३९३ आली आणि तिने राल्ट, रेनार्ड अशा सगळ्या कंपन्यांना असं बाजूला सारलं की नंतर मोकळ्या नियमांतही बहुतेक जण पार्माजवळच्या त्या एकाच कारखान्यातून गाडी घ्यायचे. पण ती मक्तेदारी बाजारात जिंकून मिळवलेली होती, टेंडरमधून आलेली नव्हती.

प्रत्येक देशाची आपापली एफ३ होती. ब्रिटनची सगळ्यात मानाची, १९८३ ला सेनाने सुरुवातीच्या सलग ९ रेस मारल्या आणि तरी मार्टिन ब्रंडलने त्याला शेवटच्या थ्रक्सटनच्या रेसपर्यंत झुंजवलं. जर्मनीची वेगळी, इटलीची वेगळी, फ्रान्सची वेगळी, जपानची वेगळी. नोव्हेंबर आला की सगळीकडचे वाघ मकाऊ ग्रां प्रीला तिथल्या गल्लीबोळात एकमेकांना भिडायचे. आपल्या नारायण कार्तिकेयनने पण ब्रिटिश एफ३ मध्येच नाव काढलं आणि तिथून वर गेला.

हे सगळं मोडलं ते पैशाने. जर्मनी आणि फ्रान्स २००३ मध्ये एकत्र येऊन एफ३ युरो सिरीज झाली, तीत २००५ ला हॅमिल्टनने २० पैकी १५ रेस जिंकल्या. चांगली मुलं तिकडे गेली की बाकीच्या देशांची ग्रिड (रेसच्या सुरुवातीला उभ्या राहणाऱ्या गाड्यांची रांग) ओस पडायला लागली, इटलीची २०१२ नंतर बंद, ब्रिटनची २०१४ नंतर. आणि दुसऱ्या बाजूने एफ१ वाल्यांनी स्वतःची शिडी उभी केली होती, २००५ मध्ये फॉर्म्युला ३००० च्या जागी जीपी२, आणि तिच्या खालची पायरी म्हणून २०१० मध्ये जीपी३. सगळ्यांना एकच गाडी, एकच इंजिन, एकच टायर, आणि मुख्य आमिष म्हणजे रेस एफ१ च्या वीकेंडला, एफ१ च्या टीम बॉससमोर. बोटास २०११ चा चॅम्पियन, क्वियात २०१३, ओकॉन २०१५, लक्लेअर २०१६, रसेल २०१७. ही यादी बघून जीपी३ ला नावं ठेवायची कुणाची टाप आहे?

पण गंमत अशी की त्याच काळात युरो सिरीजच्या जागी आलेली युरोपियन एफ३ पण तितकीच भारी होती. २०१२ मध्ये तिला एफआयए युरोपियन चॅम्पियनशिपचा दर्जा मिळाला, रेस बहुतेक डीटीएमसोबत (जर्मनीची टूरिंग कार सिरीज) व्हायच्या, एका वीकेंडला तीन. २०१४ ला ओकॉन चॅम्पियन आणि १६ वर्षांचा मॅक्स व्हर्स्टापेन तिसरा, पण रेस १० जिंकलेला. २०१६ स्ट्रोल, २०१७ नॉरिस, २०१८ मिक शूमाकर. म्हणजे सारख्याच वयाची, सारख्याच बजेटची पोरं दोन वेगवेगळ्या दुकानांत, आणि कोण जास्त चांगला हे कळायला मार्ग नाही. व्हर्स्टापेन तर एक सीझन एफ३ करून १७ व्या वर्षी थेट एफ१ मध्ये गेला, त्यावर गदारोळ झाला आणि २०१६ पासून सुपरलायसन्ससाठी, म्हणजे एफ१ चालवायच्या परवान्यासाठी, वय किमान १८ आणि तीन वर्षांत ४० पॉइंट असा नियम लागू झाला. आता कुठल्या सिरीजला किती पॉइंट हे एफआयए ठरवणार, म्हणजे कुठली सिरीज जगणार आणि कुठली मरणार हेही ओघाने आलंच.

शिडी सरळ करायची ही टूम तशी माजी एफ१ ड्रायव्हर गेरहार्ड बर्गरच्या काळातली, तो २०११ च्या शेवटी एफआयएच्या सिंगल सीटर कमिशनचा प्रमुख झाला, मग २०१४ पासून फॉर्म्युला ४ देशोदेशी सुरू झाली, २०१७ ला जीपी२ चं नाव फॉर्म्युला २ झालं. आता एफ४, एफ३, एफ२, एफ१ असे आकडे नीट लावायचे तर मधल्या पायरीवर जीपी३ हे नाव कसं चालेल? म्हणून २०१८ नंतर जीपी३ आणि युरोपियन एफ३ दोन्ही बंद करून एकच एफआयए फॉर्म्युला ३ चॅम्पियनशिप. पूर्वी गावोगावी वेगळ्या तालमी होत्या, आता एकच आखाडा आणि तोही राजवाड्याच्या अंगणात, असं काहीसं.

आता बघा या विलीनीकरणात कुणाचं काय आलं. कॅलेंडर जीपी३ चं, एफ१ च्या वीकेंडचं. चालवणारे ब्रूनो मिशेल, जीपी३ वालेच. गाडी डलाराची पण जीपी३ च्याच गाडीवरून बेतलेली, वर हेलो (ड्रायव्हरच्या डोक्याचं रक्षण करणारी चौकट) बसवलेला. इंजिन मेकाक्रोमचं ३.४ लिटर व्ही६, साधारण ३८० हॉर्सपॉवर, जुन्या एफ३ च्या २४० च्या आसपास पॉवरपुढे हा सरळसरळ वेगळाच प्राणी. टायर पिरेलीचे, जे जपून वापरले नाहीत तर शेवटच्या लॅप्समध्ये ड्रायव्हर रडकुंडीला येतो, जुन्या हँकूकवर तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबून चालवू शकायचात. डीआरएस (मागचा पंख उघडून सरळ रस्त्यावर स्पीड वाढवायची सोय) पण जीपी३ कडूनच. दुसऱ्या रेसला पहिल्या ८ जणांची ग्रिड उलटी, तेही तिकडचंच. युरोपियन एफ३ कडून काय आलं तर नाव आणि तीन टीम, प्रेमा, हायटेक आणि कार्लिन. जीपी३ मधून एआरटी, ट्रायडेंट, कॅम्पोस, एमपी आणि येन्झर आल्या, शिवाय एचडब्ल्यूए आणि साउबरचं नाव लावलेली शारूझ. ज्या व्हॅन अमर्सफोर्टने २०१४ ला व्हर्स्टापेनला एफ३ ची गाडी दिली होती ती टीम १० च्या यादीत नव्हती. रेसची संख्या पण बघा, २०१८ च्या युरोपियन एफ३ मध्ये ३० रेस होत्या, नवीन सिरीजमध्ये ८ वीकेंडच्या मिळून १६. शिकायच्या वयात निम्मं ड्रायव्हिंग गेलं, हे मला अजूनही पटलेलं नाही.

ग्रिड मात्र ३० गाड्यांची, १० टीम गुणिले ३. याचं काय होऊ शकतं ते मोंझाला शुक्रवारी क्वालिफायिंगमध्ये दिसलं. तिथे पुढच्याच्या मागे राहून टो मिळाला, म्हणजे पुढची गाडी हवा कापते आणि आपला अडथळा कमी होतो, तर वेळ बराच सुधारतो, त्यामुळे ३० च्या ३० जणांना दुसऱ्याच्या मागे राहायचं होतं आणि पुढे कुणालाच जायचं नव्हतं, गाड्या रांगेत गोगलगायीसारख्या चालल्यात, एकमेकांकडे बघतायत, वेळ संपत चाललाय. ढीगभर ड्रायव्हर्सना विनाकारण हळू चालवल्याबद्दल ग्रिड पेनल्टी लागल्या. लोक पोरांना हसले, आणि दुसऱ्याच दिवशी एफ१ च्या क्यू३ मध्ये (क्वालिफायिंगचा शेवटचा टप्पा) जगातल्या सगळ्यात महागड्या ड्रायव्हर्सनी तेच केलं. शनिवारच्या एफ३ रेसमध्ये मग ॲलेक्स पेरोनीची गाडी पॅराबोलिका वळणाच्या बाहेरच्या सॉसेज कर्बवरून (ट्रॅकच्या कडेचा जाड उंचवटा) अक्षरशः हवेत उडाली, फिरत जाऊन कुंपणावर आपटली, मणक्याला फ्रॅक्चर झालं पण पोरगा स्वतःच्या पायाने बाहेर आला. तो कर्ब नंतर काढून टाकला. याच्या एक आठवडा आधी स्पाला एफ२ च्या रेसमध्ये आंत्वान उबेर अपघातात गेला होता, तोच उबेर जो २०१८ चा, म्हणजे जीपी३ चा शेवटचा चॅम्पियन. त्यामुळे मोंझाचा तो उडालेल्या गाडीचा व्हिडिओ तेव्हा कुणी मजा म्हणून बघत नव्हतं.

आणि चॅम्पियनशिप? सगळ्यांना वाटलं होतं गाडी जीपी३ च्या वंशातली आहे तर एआरटी खाऊन टाकेल, जीपी३ च्या ९ पैकी ८ टीम टायटल त्यांची होती. झालं उलटं. प्रेमा, जी जीपी३ मध्ये कधी उतरलीच नव्हती, तिचे तिन्ही ड्रायव्हर पहिले तीन आले. श्वार्ट्झमन २१२ पॉइंट, आर्मस्ट्राँग १५८, दारूवाला १५७. युरोपियन एफ३ मध्ये वर्षानुवर्षं केलेला अभ्यास, डेटा वाचायची सवय, ड्रायव्हर निवडायची नजर, हे गाडी बदलली म्हणून जात नाही बहुतेक. जुन्या एफ३ चं काही टिकलं असेल तर ते प्रेमा चालवणाऱ्या रोझिन कुटुंबाच्या त्या वर्कशॉपमध्ये. चौथा आलेला यूरी विप्सही युरोपियन एफ३ चाच पोरगा. श्वार्ट्झमनने टायटल रशियातल्या सोचीला नक्की केलं, म्हणजे स्वतःच्याच देशात.

जेहानचा रस्ता पण याच गोष्टीत बसतो. २०११ मध्ये फोर्स इंडिया या एफ१ टीमच्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ शोधात निवडलेल्या तिघांपैकी तो एक, अर्जुन मैनी दुसरा. मुंबईत राहून कार्टिंग करायचं म्हणजे काय ते मुंबईकरांना सांगायला नको, इथे कार पार्क करायला जागा नाही. २०१७ ला न्यूझीलंड ग्रां प्री जिंकला, त्याच वर्षी कार्लिनकडून युरोपियन एफ३ मध्ये सहावा, पण २०१८ ला घसरून दहावा. मग प्रेमा मिळाली आणि २०१९ च्या पहिल्याच वीकेंडला बार्सिलोनाची रविवारची रेस, पुढच्या पॉल रिकार्डला शनिवारची रेस. त्यानंतर विजय नाही. चार वीकेंड राहिले असताना सुद्धा तो टायटलच्या बाता करण्याइतपत जवळ होता, पण आर्मस्ट्राँग उत्तरार्धात पेटला. एका पॉइंटची किंमत पुढे सुपरलायसन्सच्या हिशोबात दिसते, दुसऱ्याला २५ आणि तिसऱ्याला २०. त्याच सुमारास आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक पण ‘ब्रिटिश एफ३’ मध्ये पळत होता, फक्त ती एफ३ म्हणजे आणखी तिसरीच गाडी, टाटुस कंपनीची. नावाचा इतका गोंधळ होता की शेवटी २०२१ मध्ये त्या सिरीजला एफ३ सोडून जीबी३ व्हावं लागलं.

जुन्या गाड्यांचं काय झालं तर युरोपियन एफ३ च्या आयोजकांनी डीटीएमसोबत फॉर्म्युला युरोपियन मास्टर्स नावाने दुकान चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण एंट्रीच आल्या नाहीत आणि २०१९ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच ते गुंडाळलं. गाड्या गेल्या युरोफॉर्म्युला ओपनमध्ये, आणि तिथेच मे महिन्यात पो शहराच्या रस्त्यांवर बिली मंगर जिंकला, २०१७ च्या एफ४ अपघातात दोन्ही पाय गमावलेला मुलगा, हाताने चालवता येईल अशी बदललेली गाडी घेऊन. नोव्हेंबरात मकाऊला मात्र नवीन एफ३ च आली, ते मोठं धूड लिस्बोआच्या कोपऱ्यात वळणार कसं अशी चर्चा होती, वळलं, आणि रिचर्ड व्हर्सखोर जिंकला. जेहान २०२० ला कार्लिनकडून एफ२ मध्ये गेला, टीममेट युकी त्सुनोदा, आणि त्या डिसेंबरात साखीरला एफ२ ची रेस जिंकणारा पहिला भारतीय झाला. प्रेमाने त्याच वर्षी त्याची एफ३ ची सीट भरली तेव्हा नव्या तिघांत ऑस्कर पियास्त्री होता, आणि टायटल पुन्हा तिथेच गेलं.