गादी संपते तिथेच तारा असतात

25 मे 2017. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडालं आणि काही क्षणांतच वीजतारांत अडकून खाली आलं. आतले सहाही जण वाचले. अशा बातमीनंतर एक प्रश्न हमखास येतो: हेलिकॉप्टर जागेवरून सरळ वर जातं, मग मैदानाच्या कडेच्या तारा त्याला नडतात कशा?

सरळ वर चढणं हेच तर हेलिकॉप्टरला सगळ्यात जड जातं. जमिनीलगत तरंगताना रोटरने, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांनी, खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते आणि तिची गादी तयार होते. वैमानिक याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. इंजिनाच्या तेवढ्याच ताकदीत इथे 7 ते 10 टक्के जादा उचल मिळते. निलंग्याचं हेलिकॉप्टर सिकोर्स्की एस-76 जातीचं होतं. त्याचं कमाल वजन सुमारे 5300 किलो, म्हणजे पाच-सहा माणसांचा भार ही गादी फुकटात पेलते.

पण रोटर त्याच्या व्यासाएवढा उंच गेला की गादी जवळजवळ संपते. एस-76 च्या रोटरचा व्यास 13.4 मीटर. रोटर तेवढ्या उंचीवर असताना चाकं असतात साधारण 9-10 मीटरवर. आता मैदानाच्या कडेला बघा. 11 केव्ही लाइनचा 9 मीटरचा सिमेंटचा खांब दीड मीटर जमिनीत गाडलेला असतो, म्हणजे तारा सात-साडेसात मीटरवर. चाकं तारांच्या जेमतेम वर येतात आणि नेमका तिथेच खालचा आधार सुटतो.

इंजिनात ताकद शिल्लक असेल तर काहीच बिघडत नाही. नसेल तर हेलिकॉप्टर खचायला लागतं. वैमानिक डाव्या हाताचा कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, वर ओढतो, पात्यांचा कोन वाढतो, त्यांना हवेचा अडथळाही वाढतो आणि आधीच दमलेल्या इंजिनामुळे फेरे कमी होतात. उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेरे 5 टक्के घटले की उचल जवळपास 10 टक्के घटते. शेपटीचा पंखा त्याच गिअरवर चालतो, तोही मंदावतो आणि नाक आपोआप वळू लागतं. यावर इलाज एकच, कलेक्टिव्ह थोडा खाली सोडून फेरे परत मिळवायचे. पण खाली सोडायला जागा कुठे आहे? खाली तारा आहेत.

त्यात मराठवाड्यातला मे. समुद्रसपाटीपासून 600 मीटर उंची आणि 40 अंश तापमान धरलं, तर हवा इतकी विरळ होते की रोटर आणि इंजिनाच्या दृष्टीने आपण सुमारे 1600 मीटरवर, कळसूबाईच्या माथ्याजवळ असतो.

मोकळ्या माळावर वैमानिक गादीवरच राहून पुढे सरकतो. ताशी 30-35 किलोमीटर वेग आला की रोटरला ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि उचल वाढते. शाळेच्या मैदानात ही धाव घ्यायला जागाच नसते. भिंती जवळ असतील तर आणखी वाईट: खाली गेलेली हवा भिंतीवर आपटून वर येते आणि पुन्हा रोटरमध्ये शिरते.

हेलिपॅडवर नारळ फोडतात, लिंबू-मिरची बांधतात. ज्याची त्याची श्रद्धा, पण तिने हवा दाट होत नाही. लाइन बंद करून घेतल्याने शॉक टळतो, तार मात्र जागेवरच राहते. 11 केव्हीची ‘रॅबिट’ तार जेमतेम 10 मिलिमीटर जाड, वरून शेताच्या मातकट रंगात ती दिसतच नाही. म्हणून वैमानिक खांब शोधतात आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असंच धरून चालतात.

निघताना मीटर-दीड मीटरवर तरंगून टॉर्कचा काटा, म्हणजे इंजिनाची किती ताकद वापरली जातेय ते दाखवणारा काटा, बघायचा. गादीवर असतानाच काटा मर्यादेला टेकत असेल, तर लगेच खाली टेकायचं आणि सामान किंवा एखादा प्रवासी उतरवून मोटारीने पाठवायचा, मग तो कितीही मोठा माणूस असो.