पोझ्झुओलीची वर येणारी जमीन: पार्श्वभूमी

इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला, पोझ्झुओली शहराखालची जमीन 2005 पासून पुन्हा वर येते आहे. हे शहर काम्पी फ्लेग्रेई या ज्वालामुखीत वसलं आहे. त्याला शंकू नाही. तो एक विस्तीर्ण खचलेला खळगा आहे. त्याचा काही भाग समुद्राखाली, उरलेल्यावर दाट वस्ती. जमिनीच्या या संथ चढउताराला तिथे ‘ब्रादिसिस्मो’ म्हणतात. 1538 च्या उद्रेकाआधीही किनारा वर येऊन समुद्र मागे हटला होता. पुढची चार शतकं जमीन बहुतेक खचतच राहिली.

आजच्या देखरेखीबद्दल रहिवाशांना वाटणारा अविश्वास समजायला 1970 कडे जावं लागतं. जमीन वर येत असल्याचं लक्षात आल्यावर 2 मार्चला लष्कराने रिओने तेर्रा ही समुद्राकाठच्या टेकाडावरची जुनी वस्ती रिकामी केली. सुमारे 3,000 माणसं बाहेर पडली. उद्रेक झालाच नाही. घरं मोडकळीला आली होती, भूकंपात ती टिकली नसती, हे या स्थलांतराच्या समर्थकांचं म्हणणं खरं आहे. पण तेव्हा सतत मोजमाप करणारी यंत्रणा जवळपास नव्हतीच. मोक्याची जागा मोकळी करून घेतली, असा संशय रहिवाशांना आला. पुढे तिथे उत्खनन झालं, जीर्णोद्धार झाला, पर्यटक आले. जुने रहिवासी मात्र परतले नाहीत. अशा वेळी निर्णय सुरक्षेसाठी होता, एवढं सांगून भागत नाही.

1982 ते 1984 मध्ये जमीन सुमारे 1.8 मीटर उचलली गेली आणि जवळपास 40,000 लोकांना हलवावं लागलं. उद्रेक तेव्हाही झाला नाही. त्यानंतर भूकंपमापक, जीपीएस, समुद्रतळावरची उपकरणं आणि सोल्फातारा या वाफा सोडणाऱ्या विवरातल्या वायूंची मोजणी असं जाळं वाढत गेलं. 2012 च्या डिसेंबरात इशाऱ्याची पातळी हिरव्यावरून पिवळी झाली. हा उठाव शिलारसामुळे की तापलेल्या पाण्या-वायूंच्या दाबामुळे, यावर मतभेद आहेत.

उद्रेकाच्या धोक्याच्या लाल पट्ट्यात सुमारे पाच लाख लोक राहतात. त्यांना 72 तासांत बाहेर काढण्याची योजना आहे, पण ती उद्रेकासाठी. रोजच्या आयुष्यात छळतात ते भूकंप: मे 2024 मध्ये 4.4, मार्च 2025 मध्ये 4.6 तीव्रतेचा. जमिनीच्या उठावासाठी स्वतंत्र आराखड्याचा कायदा 2023 मध्ये आला, आणि घरं किती कमकुवत आहेत हे तपासणं त्याचाच भाग झालं.