‘पात्र देशांतील रहिवासी’ : ऑनलाइन खेळांच्या बक्षीस-स्पर्धांतील देशबंदीची पार्श्वभूमी

ऑनलाइन खेळांच्या बक्षीस-स्पर्धांच्या नियमावलीत ‘फक्त पात्र देशांतील रहिवाशांसाठी’ अशी अट आणि त्या देशांची यादी असते. स्पर्धा कोठून भरवली जाते यापेक्षा प्रवेशिका कोठून येते याकडे कायद्याने पाहावे, ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. मुंबई राज्याने १९४८ साली बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. परंतु तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकाची शब्दकोडी मुंबई राज्यातले वाचक भरत होते, आणि १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतील स्पर्धाही कराच्या कक्षेत आणल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ही दुरुस्ती उचलून धरली, ती प्रवेशिका आणि शुल्क गोळा करण्याची व्यवस्था मुंबई राज्यात आहे, एवढा संबंध पुरेसा मानून. कोकणातले रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) हे जिल्हे त्या राज्यात होते. तेरेखोल नदीपलीकडच्या गोव्यात मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने आरोंद्याहून होडीने किरणपाणीला जाणारा माणूस खरोखरीच परदेशात उतरत असे.

पुढे खेळ ऑनलाइन आले आणि हेच सूत्र देशोदेशीच्या कायद्यांत निरनिराळ्या रूपांत आडवे आले. इटलीच्या २००१ च्या नियमांनुसार बक्षिसांच्या रकमेइतकी हमी ठेवावी लागते आणि सहभागाची नोंद ठेवणारा सर्व्हर इटलीतच असावा लागतो. कॅनडात निव्वळ नशिबावर बक्षीस देता येत नाही, म्हणून विजेत्याला एखादे गणित सोडवायला लावतात. क्यूबेक प्रांतात तर २७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत अशा स्पर्धांची वेगळी नोंद आणि शुल्क होते. अमेरिकी कंपन्यांच्या पात्र देशांच्या याद्यांत इराण, क्युबा व उत्तर कोरिया नसतात ते अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे, आणि त्यात कंपनीला फारसे स्वातंत्र्य नाही. उरलेल्या बहुतेक देशांच्या बाबतीत मात्र कायदा पाळण्याच्या खर्चापेक्षा नाव गाळणे स्वस्त पडते. नियमावलीत ही काटकसर कायदेशीर सक्तीच्या भाषेत लिहिलेली असते, हे खेळाडूने ध्यानात ठेवावे.

खरी गुंतागुंत ‘रहिवासी’ या शब्दात आहे, आणि ती कोकणपट्टीइतकी क्वचितच कोठे जाणवत असेल. नागरिकत्व पासपोर्टवर छापलेले असते. रहिवास मात्र कोण विचारतो त्यावर ठरतो. आयकर कायदा चालू आर्थिक वर्षातले दिवस मोजतो आणि १८२ दिवसांची रेघ ओढतो. परकीय चलनाचा कायदा मागील वर्षातले दिवस पाहतो, पण माणूस नोकरीसाठी देशाबाहेर गेला असेल तर दिवसांचा हिशेब न करताच त्याला अनिवासी धरतो. खेळ चालवणारी कंपनी यांपैकी काहीच पाहत नाही. तिच्या लेखी खाते उघडताना निवडलेला देश, पैसे भरण्याच्या कार्डाचा देश आणि त्या क्षणी दिसणारा इंटरनेटचा पत्ता, एवढाच पुरावा असतो, आणि हे तिन्ही जुळत नसतील तर बक्षीस रोखण्याचा अधिकार तिने नियमावलीत आधीच राखून ठेवलेला असतो. दापोली-गुहागरकडचा एखादा मुलगा बोटीवर आहे असे समजू. बोटीवर रुजू (साइन ऑन) होऊन सात महिने झालेले, बोट संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराच्या नांगरवाड्यात उभी, खाते आणि कार्ड भारताचे, जहाजावरच्या वायफायचा पत्ता कुठल्यातरी उपग्रह कंपनीच्या देशाचा. ‘निवासाचा देश’ या रकान्यात त्याने काय लिहावे? कुवेतला वर्षानुवर्षे नोकरी करून पावसाळ्यात घरी येणाऱ्या माणसाचीही हीच अडचण. ‘रहिवासी’ या शब्दाची व्याख्या न देता त्याच शब्दावर अपात्र ठरवणे हे प्रस्तुत लेखकाला न्याय्य वाटत नाही.

भारतात २०१७ पासून देशांच्या यादीशेजारी राज्यांचीही यादी आली. त्या वर्षी तेलंगणाने आणि २०२० मध्ये आंध्र प्रदेशाने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, त्यांत कौशल्य असले तरी, बंद केले. आसाम, ओडिशा, नागालँड आणि सिक्कीम ही नावेही फँटसी खेळांच्या (खऱ्या सामन्यांतले खेळाडू निवडून आपला काल्पनिक संघ खेळवण्याच्या) नियमावल्यांत ‘अपात्र’ म्हणून दिसू लागली. राज्य ओळखण्यासाठी इंटरनेटचा पत्ता कामाचा नाही, कारण सावंतवाडीत बसलेल्या माणसाचा मोबाईल डेटा पुष्कळदा मुंबईचा किंवा पुण्याचा दिसतो. म्हणून फोनचे लोकेशन मागण्याची प्रथा पडली. मग १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. परदेशी सोडती आणि स्वीपस्टेक (नशिबावर बक्षीस देणाऱ्या स्पर्धा) यांसाठी भारतातून पैसे पाठवण्यास तर २००० सालच्या नियमांनी आधीच मनाई केलेली होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा १९५७ च्या निकालापासूनचा वाद पैशाच्या खेळांपुरता बाजूला सारला. जिंकण्याच्या आशेने पैसे लावले की तो खेळ निषिद्ध. बाहेरून चालवली जाणारी, पण भारतात पुरवली जाणारी सेवाही त्याच्या कक्षेत आहे. बंगळूरच्या साप्ताहिकासाठी १९५२ साली मुंबईने जे केले, त्याचीच ही देशपातळीवरची आवृत्ती म्हणता येईल. ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत, निव्वळ सहभागाचे शुल्क आणि कामगिरीवर ठरणारे बक्षीस यांना मुभा असल्याने परदेशी आयोजकांचे अर्ज आपल्याकडच्या मुलांसमोर यापुढेही येतील, आणि त्यांत ‘निवासाचा देश’ हा रकाना असेलच.