समूहगान म्हणजे वृंदगान नव्हे

तालुक्याच्या गावातल्या हायस्कूलचं स्नेहसंमेलन. रंगमंचावर चाळीस मुलं उभी राहतात, निवेदिका सांगते, "आता सादर होत आहे आपल्या शाळेचं वृंदगान", आणि मुलं एकाच चालीत एक देशभक्तिपर गीत म्हणतात. गीत छान होतं. पण ते वृंदगान नसतं, समूहगान असतं. कार्यक्रमपत्रिकेत हा घोळ, स्पर्धेच्या नियमपत्रकात हाच घोळ, आणि शाळेच्या गायनवृंदाच्या फलकावरही तोच. निव्वळ शब्दाचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. पण दोन्हींसाठी मुलांची निवड, तालमीची पद्धत आणि लागणारा वेळ, सगळंच वेगळं असतं. नाव चुकलं की तयारीही चुकीची होते.

समूहगान सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. एक चाल, अनेक गळे. परिपाठातलं ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेलं, राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं राज्यगीत ही रोज म्हटली जाणारी समूहगानंच आहेत. भजनात बुवांनी ओळ म्हणायची आणि टाळकऱ्यांनी ती धरायची, पोवाड्यात शाहिरामागे झीलकऱ्यांनी म्हणजे साथीदारांनी झील ओढायची, हेही त्याच घरातलं. आपली सगळी परंपरा या एका चालीवर उभी आहे आणि ती कुठेही कमी प्रतीची नाही. चाळीस गळे खरोखर एका स्वरात आणणं फार अवघड काम आहे.

वरवरचे फरक बिनमहत्त्वाचे आहेत. मुलं किती, गणवेश कोणता, समोर कोणी हात हलवतंय का, तबला आहे की कीबोर्ड, यावरून काहीही ठरत नाही. साठ मुलांचं समूहगान असतं आणि आठ मुलांचं वृंदगान असू शकतं.

खरा फरक एकच. वृंदगानात एकाच क्षणी वेगवेगळ्या नावांचे स्वर गायले जातात, आणि ते ठरवून एकमेकांशी जुळवलेले असतात. पहिला गट 'प'वर असताना दुसरा 'ग'वर असतो. पहिला 'म'वर उतरला की दुसरा 'रे'वर जातो. म्हणजे दुसऱ्या गटाला स्वतःची चाल असते, ती वेगळी पाठ करावी लागते आणि नुसती ऐकली तर मूळ गाणं चटकन ओळखूही येत नाही.

इथे जवळजवळ सगळे ज्या ठिकाणी फसतात ते ठिकाण म्हणजे सप्तकाचा फरक. मुली वरच्या सप्तकात गातात, दहावीतली आवाज फुटलेली मुलं तीच ओळ खालच्या सप्तकात गातात. कानाला भरदार वाटतं, दोन थर असल्यासारखं वाटतं, आणि मग "आमच्याकडे दोन आवाजांत बसवलंय" असं सांगितलं जातं. पण मुलींचा 'सा' आणि मुलांचा खालचा 'सा' हा एकच स्वर आहे. कंपनसंख्या बरोबर दुप्पट, २२० आणि ४४०, म्हणून तर आपण दोघांनाही 'सा'च म्हणतो. सप्तकाच्या अंतरानं गायलेली एकच चाल ही समूहगानच.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाणं चालू असताना एखाद्या लांब स्वरावर हात वर करून सगळ्यांना थांबवा, स्वर धरून ठेवायला सांगा आणि प्रत्येक गटाला त्या स्वराचं नाव विचारा. दोन्हीकडून 'प' आलं, मग ते कुठल्याही सप्तकातलं असो, तर समूहगान. एकीकडून 'प' आणि दुसरीकडून 'ग' आलं, तर वृंदगान. असे तीन-चार ठिकाणी थांबवून बघा, शंका उरत नाही.

याच तपासणीनं इतर गैरसमजही निकालात निघतात. पहिलं कडवं मुलींनी आणि दुसरं मुलांनी म्हणणं ही ओळींची वाटणी झाली. एका गटानं ओळ म्हणून दुसऱ्यानं ती परत म्हणणं हा प्रतिसाद झाला. दोन्हींत एका क्षणी एकच स्वर असतो. मात्र मुख्य गट गात असताना मागे काही मुलांनी 'आऽऽ' करत 'ग' किंवा 'प' धरून ठेवला असेल, तर ते छोटंसं का होईना, वृंदगान आहे.

हे परदेशी आहे, आपल्या शाळांना कशाला हवं, हा आक्षेप मला मान्य नाही. शेजारच्या गोव्यात मांडो हा कोकणी गीतप्रकार परंपरेनं दोन आवाजांत गायला जातो, सोबतीला घुमट हे मातीचं तालवाद्य आणि व्हायोलिन. तिथल्या चर्चच्या गायकवृंदांत चार आवाजांचं गाणं नित्याचं आहे. संगीतकार सलिल चौधरींनी मुंबईत १९५८ मध्ये बॉम्बे यूथ कॉयर उभा केला तो भारतीय भाषांमधली गाणी अनेक आवाजांत बसवण्यासाठीच. हायस्कूलला तर वृंदगानाची गरज आणखी एका कारणासाठी आहे, आणि ते कारण आहे मुलग्यांचा आवाज.

आठवी-नववीत आवाज फुटतो. त्या काळात अनेक मुलांकडे मधल्या पांढरी एकच्या (पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या स्वराच्या, इंग्रजीत सी-४ च्या) आसपासचे पाच-सहा स्वरच हमखास उरतात. वरचं लागत नाही, खालचं सप्तक अजून उघडलेलं नसतं. समूहगानात अशा मुलाला जागाच नसते. तो ओठ हलवत उभा राहतो किंवा त्याला ढोलकीवर बसवतात. दुसरी चाल पाच स्वरांत लिहिता येते, आणि हाच मुलगा तिथे भक्कम उभा राहतो. मात्र खालचा गट म्हणजे कच्च्या मुलांची सोय, ही समजूत काढून टाका. गट पाडायचे ते गळ्याच्या पल्ल्यावरून. शिवाय कान पक्का असलेली किमान दोन मुलं दुसऱ्या गटात हवीतच, कारण मुख्य चाल सगळ्यांना पाठ असते, टिकवायला अवघड असते ती दुसरी.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला 'सा' मानायचं ते, दोन्ही प्रकारांत नीट निवडावी लागते आणि दोन्हींत सारखीच चुकते. सर स्वतः काळी एकमध्ये गातात म्हणून गाणं काळी एकमध्ये. मुलं सरांच्या वरच्या सप्तकात गातात, चाल तार 'ग'ला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'ला गेली की स्वर दाखवणाऱ्या ट्यूनरवर एफ-५ येतो आणि गाण्याची ओरड होते. त्याऐवजी आधी गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर लिहून काढा. सर्वसाधारण शालेय गळ्यासाठी वरची हद्द डी-५, म्हणजे मधल्या सप्तकाच्या वरची पांढरी दोन, आणि खालची सी-४ च्या एखाद-दोन स्वर खाली. 'सा' ते तार 'ग' अशी चाल असेल तर काळी पाच घ्या, सी-४ च्या लगेच खालची. मंद्र (खालच्या सप्तकातला) 'प' ते मध्य 'ध' असेल तर पांढरी चार. मंद्र 'नि' ते तार 'रे' असेल तर पांढरी एक. तीन गाण्यांना तीन पट्ट्या. शाळेची म्हणून एक ठरलेली पट्टी नसतेच.

आता दुसरा आवाज शिकवायचा कसा? गाण्यापासून सुरुवात करू नका. पहिला आठवडा नुसता आधारस्वर: तानपुरा लावायचा, एका गटानं 'सा' धरायचा, दुसऱ्यानं सावकाश आरोह-अवरोह करायचा, मग अदलाबदल. 'रे' आणि 'नि'वर 'सा'वाला गट डळमळतो, कारण शेजारचा स्वर त्याला ओढतो. तेवढं सहन करायला शिकणं हाच पहिला धडा.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला येणारा पहिला अलंकार (सा रे ग म प ध नि सां) घ्या, शुद्ध स्वरांत, एका मात्रेला एक स्वर. पहिला गट 'ग'वर पोचला की दुसऱ्यानं 'सा'पासून सुरू करायचं. आपोआप सा-ग, रे-म, ग-प, म-ध, प-नि, ध-सां अशा जोड्या तयार होतात. पहिल्या गटानं तार 'सा'वर आणखी दोन मात्रा थांबायचं, दुसरा 'नि'वरून येऊन मिळतो. अंतर दोनच स्वरांचं ठेवा. एका स्वराचं ठेवलंत तर शेजारचे स्वर भांडतात, तीन स्वरांचं ठेवलंत तर मध्येच 'म' आणि 'नि' एकत्र येऊन कर्कश वाटतं. ३५ मिनिटांच्या तासिकेत याला दहा मिनिटं पुरतात, आणि महिन्याभरात नववीच्या वर्गाला हे जमतं.

त्यानंतर गाणं. बिलावल थाटातल्या, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेल्या, सरळ चालीला दोन स्वर खालची साथ देता येते: 'प'ला 'ग', 'म'ला 'रे', 'ग'ला 'सा'. पण हे आंधळेपणानं शेवटपर्यंत नेलं की फसतं. चाल 'सा'वर संपते तेव्हा खालचा गट मंद्र 'ध'वर येतो आणि गाणं संपल्यासारखंच वाटत नाही. तिथे खालच्या गटानं 'सा'वरच मिळावं किंवा मंद्र 'प' घ्यावा. भूप रागातल्या चालीला तर ही पद्धत लावूच नका. भूपात 'म' आणि 'नि' नाहीत. 'ध'ला खाली 'म' आणि 'रे'ला खाली 'नि' दिला की रागच मोडला. अशा चालीला भूपाच्याच पाच स्वरांतून साथ निवडायची, किंवा सरळ सा-पचा आधार ठेवायचा. मला स्वतःला आधारस्वरच अधिक आवडतो. आपल्या रागाधारित चालींना तो शोभतो, आणि लहान शाळेला झेपतो.

तालमीत सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे तिसऱ्या ओळीपर्यंत दुसरा गट मुख्य चालीत विरघळतो. कारण बहुतेक वेळा पेटी असते. पेटीवाले सवयीनं मुख्य चाल वाजवतात आणि दुसऱ्या गटाच्या कानावर दुप्पट दाब येतो. म्हणून तालमीत पेटीवर दुसरी चाल वाजवा, आणि ती पक्की झाली की पेटी बंद करून तानपुऱ्यावर गाऊ द्या. पेटीचा शुद्ध 'ग' तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या 'ग'पेक्षा सुमारे १४ सेंट (पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले १४) चढा असतो. एकट्या चालीत ते खपून जातं, पण दोन गटांचे 'सा' आणि 'ग' एकत्र धरले की स्वर थरथरतो आणि मुलांना वाटतं, आपणच बेसूर. गट सुरुवातीला शेजारी-शेजारी मिसळू नका, खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे करा. पक्क्या कानाची मुलं मागच्या रांगेत ठेवा, म्हणजे त्यांचा आवाज पुढच्यांच्या कानात पडतो.

वेळेचा हिशेब आधीच करा. १५ ऑगस्टला दहा दिवस उरले असतील तर समूहगान घ्या आणि एकजीव करा. दोन आवाजांच्या तीन मिनिटांच्या गाण्याला, मुलं नवी असतील तर, आठवड्याला दोन तासिका धरून दोन महिने लागतात. आणि इतकं करून रंगमंचावर पुढच्या तीन मुलांच्या तोंडाजवळ माइक धरू नका. ती तिन्ही मुख्य चालीची असतात, आणि सभागृहाला समूहगानच ऐकू जातं. शाळेच्या हॉलमध्ये चोवीस मुलांना माइक लागतच नाही. पंखे बंद करा, तबला हलका ठेवा आणि दोन्ही गटांना अर्धवर्तुळात समोरासमोर कलून उभं करा.